फ्लॅशबॅक दाखवा, पण त्यात काहीतरी काळंबेरं असू द्या

मोठ्या आरपीजीमध्ये, म्हणजे रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममध्ये, हे हमखास होतं. तुमची लय लागलेली असते, पार्टी, म्हणजे तुमच्याबरोबर लढणारी टोळी, जमलेली असते, नवीन तलवार नुकतीच हातात आलेली असते आणि ती कोणावर तरी चालवून बघायची घाई असते, आणि नेमकं तेव्हाच पार्टीतलं कोणीतरी शेकोटीपाशी बसून गप्प होतं, स्क्रीन पांढरी होते, रंग फिके पडतात आणि खाली अक्षरं येतात, अमुक वर्षांपूर्वी, तमुक गाव. पुढचा अर्धा-पाऊण तास तुमची तलवार गेली, लेव्हल गेली, माणसं गेली आणि तुमच्या हातात एक दहा-बारा वर्षांचं पोर दिलंय ज्याला पळतासुद्धा येत नाही, ते नुसतं चालतं, आणि गावातल्या प्रत्येक म्हातारीशी बोलल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही.

ह्यावरून खेळणाऱ्यांची जेवढी भांडणं होतात तेवढी बॉस (मोठा शत्रू) अवघड की सोपा ह्यावरूनही होत नसतील. एक म्हणतो अरे ह्याच्यासाठीच तर आरपीजी खेळतात, नाहीतर मग कॅरम खेळ. दुसरा म्हणतो मला गोष्टच ऐकायची असती तर मी कंट्रोलर कशाला हातात घेतला असता. आणि गंमत अशी की बऱ्याच वेळा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतात, फक्त गेम वेगळा असतो. म्हणजे प्रश्न फ्लॅशबॅक हवा की नको असा नाहीचे, एक फ्लॅशबॅक आपण दहा वर्षांनी पण आठवणीने सांगतो आणि दुसरा चालू असताना मोबाईल उघडून बसतो, असं का होतं हा आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. फ्लॅशबॅक वाईट नाही, लांब असला तरी वाईट नाही. वाईट असतो तो सरळ फ्लॅशबॅक, जो फक्त माहिती देतो. भूतकाळ आम्हाला खेळायला द्यायचा असेल तर तो कोणाच्या तरी तोंडून आलेला, कुठेतरी न जुळणारा, ऐकताना मनात पाल चुकचुकेल असा पाहिजे. तसं जमत नसेल तर दोन वाक्यांत सांगा आणि मोकळे व्हा, आम्ही ऐकून घेऊ. (पुढे जुन्या गेमचे बरेच स्पॉयलर आहेत, पंचवीस-तीस वर्षं झालेल्या गोष्टींबद्दल कोणी रागावणार असेल तर माझा नाईलाज आहे.)

आता आधी विरोधकांची बाजू घेतो, कारण लोक त्यांना उगाच आळशी ठरवतात. आमच्यातला एक जण रोज कोथरूडवरून हिंजवडीला जातो, संध्याकाळी ट्रॅफिकमधून सुटून घरी पोचेपर्यंत आठ, मग जेवण, पोरीचा अभ्यास, भांडी, आणि साडेदहा ते साडेअकरा हा त्याचा गेमचा तास. पर्सोना ५ सारखा गेम संपवायला शंभरेक तास लागतात, म्हणजे त्याच्या हिशोबाने एकच गेम तीन-साडेतीन महिने चालतो. त्यात तुम्ही दीड तासाचा फ्लॅशबॅक घातलात की त्याचे दोन दिवस गेले, मधे पाहुणे आले तर तीन, आणि परत येऊन बसतो तेव्हा आपण मुळात कुठे चाललो होतो आणि कशासाठी हेच त्याला आठवत नसतं. हाच माणूस कॉलेजात असताना कर्वेनगरच्या रूमवर रात्रभर जागून असले लांबच लांब भाग मिटक्या मारत खेळायचा. तेव्हा त्याच्याकडे रात्र होती, आता तास आहे, आणि गेम बनवणाऱ्यांनी दोघांनाही तेवढाच मोठा फ्लॅशबॅक वाढून ठेवलाय. वर बऱ्याच गेममध्ये फ्लॅशबॅक चालू असताना सेव्ह करता येत नाही, आणि पुण्यात गुरुवारी लाईट कधी जाईल ते काय सांगून जाते का.

दुसरी तक्रार सामानाची. आरपीजी म्हणजे शेवटी साठवण्याचा खेळ आहे. तासन्‌तास ग्राइंड करून, म्हणजे त्याच त्या लढाया परत परत लढून, तुम्ही एकेक पॉइंट जमवता, कोणती अंगठी कोणाला, कोणतं मॅजिक कशावर, ह्यात डोकं घालता, आणि फ्लॅशबॅक आला की हे सगळं बाजूला काढून ठेवलं जातं. नवीन माणूस, नवीन हत्यारं, आणि तुम्ही त्याला कितीही छान खेळलात तरी भाग संपला की त्यातलं काही तुमच्या पदरात पडत नाही.

पण ही तक्रार मला पूर्ण पटत नाही, कारण ती ज्या गेमने सोडवली त्यातही कटकट संपली नाही. फायनल फँटसी ८, १९९९ चा. टिंबर शहराला जाणाऱ्या ट्रेनमध्ये हिरो स्क्वॉल आणि त्याचे साथीदार झेल आणि सेल्फी अचानक झोपेने कोसळतात आणि तुम्ही थेट लॅग्युना नावाच्या भलत्याच माणसाच्या अंगात, वेगळं शहर, वेगळे मित्र, जुना काळ. इथे गेम बनवणाऱ्या स्क्वेअरच्या लोकांनी हुशारी अशी केली की तुम्ही तुमच्या तिघांवर लावलेलं सगळं मॅजिक, सगळी जंक्शनची (मॅजिक लावून ताकद वाढवायची) व्यवस्था लॅग्युनाच्या तिघांकडे जशीच्या तशी जाते, म्हणजे तुमची मेहनत फुकट जात नाही. तरीसुद्धा लॅग्युना आला की वैतागणारे लोक तेव्हाही होते आणि आजही आहेत. आणि लॅग्युनावर जीव टाकणारे पण आहेत, मी त्यांच्यातला, कारण हॉटेलात पियानो वाजवणाऱ्या ज्युलियाकडे जायचं म्हटल्यावर त्या माणसाच्या पायात गोळा येतो, आणि त्याला तसाच लंगडत लंगडत तिच्यापर्यंत न्यायचं काम तुमच्या हातात असतं. सतत तोंड पाडून बसलेल्या स्क्वॉलबरोबर इतके तास काढल्यावर हे मिळतं, आणि पुढे बऱ्याच उशिरा लक्षात येतं की ह्या दोघांचं नातं काय असणार. तर सांगायचा मुद्दा, सामान परत दिलं तरी भांडण मिटत नाही, म्हणजे दुखणं दुसरीकडे कुठेतरी आहे.

तिसरी तक्रार जरा वजनदार आहे. शेवट माहिती असतो. आजच्या काळात हिरोची आई नाहीये, म्हणजे फ्लॅशबॅकमध्ये ती मरणार. गाव नकाशावर काळं पडलेलं दिसतंय, म्हणजे जळणार. मग मी त्या गावासाठी जीव तोडून लढायचं तरी कशासाठी, आणि समजा लढता लढता मी मेलो तर काय, जो माणूस ही गोष्ट सांगतोय तो तर समोर जिवंत बसलाय.

ह्याला एक फार सुंदर उत्तर सापडलं होतं, भले तो गेम आरपीजी नव्हता. २००३ च्या प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइममध्ये राजपुत्र स्वतःच गोष्ट सांगत असतो, आणि तुम्ही उडी चुकून खाली पडलात की त्याचा आवाज येतो, छे छे, असं नव्हतं झालं, परत सांगतो. बास. तुमचं मरण म्हणजे सांगणाऱ्याची चूक. पुढे २००७ च्या पहिल्या असॅसिन्स क्रीडने हीच युक्ती मशीनमध्ये घातली, पूर्वजाची आठवण तुम्ही चुकीची जगलात की तिचा तुमच्याशी सांधा तुटतो आणि परत मागे जावं लागतं, कारण त्या माणसाने तसं केलेलंच नव्हतं. दोन्ही गेम युबिसॉफ्ट कंपनीच्या माँट्रियाल स्टुडिओचे. (ह्या प्रिन्सचा रिमेक २०२० मध्ये जाहीर झाला तो युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओच्या नावावर, तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता कल्ला चालू होता. २०२२ मध्ये काम माँट्रियालला गेलं. असो, तो जखमेवर मीठ चोळण्याचा विषय आहे.)

आणि शेवट माहिती असला की मजा जाते हे आपण म्हणावं म्हणजे कमालच आहे, आपली लहानपणापासूनची सवय काय सांगते? महाभारतातलं भीष्मपर्व घ्या. सगळ्यांच्या डोक्यात चित्र असं की संजय राजवाड्यात बसून दिव्यदृष्टीने लाईव्ह कॉमेंट्री करतोय. पण ग्रंथात तो रणांगणावरून येतो आणि पहिली बातमीच सांगतो की भीष्म पडले. दहा दिवसांचं युद्ध होऊन गेलंय. मग धृतराष्ट्र विचारतो की हे झालंच कसं, आणि तेव्हा संजय पहिल्यापासून सुरू करतो, आणि त्या सांगण्याच्या पोटात गीता येते. म्हणजे गीता फ्लॅशबॅकमध्ये आहे, आणि ज्यांच्या पडण्याची बातमी आधीच कळलीये ते भीष्म त्यात धडधाकट उभे आहेत. बरं आख्खं महाभारतच वैशंपायनाने जनमेजयाला सांगितलेलं आणि ते परत सौतीने नैमिषारण्यात शौनकाला सांगितलेलं. शेवट माहिती असल्याने काही अडलं नाही, हजारो वर्षं नाही अडलं.

का नाही अडलं, तर ऐकणारा धृतराष्ट्र आहे. ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्यालाच ते सांगितलं जातंय, आणि संजय त्याला मधे मधे सुनावतोय की राजा, ही तुझीच करणी. कोण कोणाला सांगतंय आणि का सांगतंय, ह्यात ताण आहे. आपल्या सरळ फ्लॅशबॅकमध्ये नेमकी हीच गोष्ट गायब असते. तिथे सांगणारं कोणी नसतं, ऐकणारं कोणी नसतं, नुसता कॅमेरा मागे जातो आणि जे झालं ते शंभर टक्के खरं म्हणून दाखवतो. हिरो असा तुसडा का, तर लहानपणी गाव जळालं. हिरॉईन कोणावर विश्वास का ठेवत नाही, तर मोठ्या भावाने दगा दिला. कोणाकडे पहिल्यांदा गेल्यावर चहा यायच्या आधीच मांडीवर लग्नाचा अल्बम ठेवतात तसं आहे हे, तुम्ही विचारलेलं नसतं आणि तुम्हाला उठताही येत नाही.

एकांकिकांमध्ये पण हा रोग आहे म्हणा. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तमच्या प्राथमिक फेऱ्या बघत बसलात तर कळेल, लाईट निळा झाला की समजायचं आता बालपण. पण तिथे वेळ बांधलेली असते, नट तेच असतात, नेपथ्य बदलायला वेळ नसतो, त्यामुळे पोरांना झक मारून ते तीन मिनिटांत आटपावं लागतं आणि त्यातून कधी कधी फार भारी काहीतरी निघतं. मोठ्या गेम कंपनीला ही अडचणच नाही. आख्खं गाव बांधलंय, त्यातली म्हातारी माणसं बोलकी केलीत, आवाज रेकॉर्ड झालेत, आता एवढा खर्च केलाय तर खेळणाऱ्याने सगळं बघितलंच पाहिजे. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हे.

आता जमलेला फ्लॅशबॅक कसा असतो ते एकदा जवळून बघू, आणि त्यासाठी फायनल फँटसी ७ ला पर्याय नाही. १९९७ चा गेम, तीन डिस्कचा. मिडगार शहरातून बाहेर पडल्यावर पहिलं गाव काल्म, तिथल्या खानावळीत वरच्या खोलीत सगळे जमतात आणि गेमचा हिरो क्लाऊड पाच वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला लागतो. कागदावर बघितलं तर ह्यात वर सांगितलेल्या सगळ्या तक्रारी आहेत. लांब आहे, तुमची पार्टी नाही, गावात फिरून लोकांशी बोलायचंय. आणि लढाईत तर तुमचा पार अपमान. तुम्ही क्लाऊड, लेव्हल १. शेजारी सेफिरोथ, लेव्हल ५०, आणि त्याला काय करायचं ते तुम्ही सांगू शकत नाही, तो त्याचं त्याचं बघतो. ड्रॅगन येतो, एका फटक्यात तुम्ही आडवे, सेफिरोथ तुम्हाला उठवतो, ड्रॅगनला एका वारात संपवतो, आणि ड्रॅगनने त्याला मारलेल्या फटक्याचा आकडा शून्य. पुढे आख्खा गेम ज्याच्या मागे धावायचंय तो केवढा आहे हे कोणत्याही भाषणाशिवाय तुम्हाला कळलं, ते एका शून्याने सांगितलं.

पण खरी मेख वेगळीच आहे. गोष्ट सुरू होते ती पावसात चाललेल्या ट्रकमध्ये. क्लाऊड, सेफिरोथ, आणि तोंड झाकलेले साधे शिपाई. त्यातल्या एका शिपायाला गाडी लागलीये. क्लाऊड त्याची चौकशी करतो आणि वर म्हणतो मला बुवा कधी गाडी लागत नाही. तुम्ही हे वाचता आणि पुढे जाता, शिपाई म्हणजे काय, फर्निचर. क्लाऊडच्याच गावात, निबेलहाइममध्ये, आल्यावर त्याला तुम्ही त्याच्या लहानपणीच्या मैत्रिणीच्या, टिफाच्या, रिकाम्या घरात घुसवू शकता, तिचा पियानो वाजवू शकता, आणि तसं केलंत तर खानावळीत बसून ऐकणारी आजची टिफा मधेच अडवते की मी नसताना तू माझ्या घरात गेला होतास? हसू येतं. आईला भेटण्याचा भाग मात्र तुटक तुटक येतो, क्लाऊडला नीट सांगवत नाही. शेवटी गाव जळतं, रिअॅक्टरमध्ये तो सेफिरोथसमोर उभा राहतो, आणि तिथे गोष्ट थांबते कारण पुढचं त्याला आठवत नाही. सेफिरोथ मेल्याचं पेपरात आलं होतं असं टिफा म्हणते, तर पार्टीतली एरिथ म्हणते पेपर शिन्रा कंपनीचाच आहे, त्यावर काय विश्वास ठेवायचा.

आणि मग दुसऱ्या डिस्कवर कळतं की त्या दिवशी सेफिरोथबरोबर आलेला तो रुबाबदार सोल्जर (शिन्राच्या खास तुकडीतला लढवय्या) झॅक नावाचा दुसराच माणूस होता, आणि गाडी लागलेला, लाजेने गावात तोंड न दाखवणारा तो शिपाई म्हणजे क्लाऊड. गोष्ट बऱ्यापैकी खरी होती, फक्त सांगणाऱ्याने स्वतःला भलत्या जागी उभं केलं होतं, आणि ते त्याचं त्यालाही माहिती नव्हतं. टिफाला पहिल्यापासून काहीतरी खटकत होतं पण ती बोलली नव्हती. आता विचार करा, काल्मचा तो भाग जर नुसता दाखवला असता, कटसीन म्हणून, म्हणजे आपण फक्त बघायचा तुकडा म्हणून, तर आपण म्हटलं असतं लेखकाने फसवलं. पण तो क्लाऊड आपण चालवलाय, ड्रॅगनचा फटका आपण खाल्लाय, पियानोपाशी आपण गेलोय. त्या खोट्या आठवणीत आपला हात आहे. हे पुस्तकाला जमणार नाही, नाटकाला जमणार नाही, आणि म्हणून मी म्हणतो की फ्लॅशबॅकने माझ्याकडून हत्यारं काढून घ्यायची तर घ्या, बदल्यात मला संशय द्या. सौदा मंजूर आहे.

सौद्यावरून आठवलं, द विचर ३, २०१५. ह्यात सौदा अक्षरशः आहे. हिरो गेराल्ट सिरी नावाच्या मुलीला शोधतोय आणि क्रोज पर्चच्या ब्लडी बॅरनला तिची खबर आहे, पण तो म्हणतो आधी माझी बायको-पोरगी शोधून आण, मग सांगतो, आणि हप्त्याहप्त्याने सांगतो. तो सांगायला लागला की तुम्ही सिरी. तुमची जादूची चिन्हं नाहीत, औषधं नाहीत, गेराल्टची घासूनपुसून जमवलेली चिलखतं नाहीत. ह्यावर तेव्हा पण लोक चिडले होते की आमचा गेराल्ट परत द्या. पण सिरीची चाल वेगळी आहे, ती क्षणात इकडून तिकडे जाते, जखम आपोआप भरते, आणि ज्या मुलीला आपण इतके दिवस शोधतोय तिला भेटायच्या आधी तिच्या हातापायात किती ताकद आहे हे आपल्या अंगठ्यांना कळतं. त्याहून भारी गोष्ट म्हणजे सांगणारा बॅरन आहे. त्या गोष्टीत तो दिलदार आहे, सिरीवर माया करतो, तिच्याबरोबर घोड्यांची शर्यत लावतो. आणि बाहेर, आजच्या काळात, त्याच्या घरात फिरून तुम्ही पुरावे गोळा करताय की ह्याची बायको-पोरगी पळून का गेली, आणि उत्तर असं आहे की हा दारू पिऊन बायकोला मारायचा. आता करा त्याचा न्याय. फ्लॅशबॅकमध्ये त्याचं मीठ खाल्लंय तुम्ही. सिरीचे प्रसंग कोणी खोटे ठरवत नाही, खोटेपणाची इथे गरजच नाहीये, फक्त सांगणाऱ्याचा स्वार्थ त्यात मिसळलेला आहे, तेवढं पुरतं.

ड्रॅगन एज २ ने २०११ मध्ये हा खेळ उघड उघड केला होता, व्हॅरिक नावाचा बुटका कॅसँड्राला सगळी हकिगत सांगतोय आणि सुरुवातीलाच तुमचा हिरो इतका भन्नाट मारतो की ती वैतागून म्हणते खरं काय ते सांग, मग गोष्ट परत सुरू होते, साधी. तो गेम बाकी बऱ्याच बाबतींत गंडला, एकाच गुहेत किती वेळा जायचं ह्याला काही सीमा, पण ही कल्पना चोख होती.

मग एक प्रकार आहे आख्ख्या गेमलाच फ्लॅशबॅक करायचा. फायनल फँटसी १०, २००१, सुरुवातीलाच हिरो टायडस शेकोटीपाशी बसून म्हणतो माझी गोष्ट ऐका, आणि मग इतके तास जातात की तुम्ही हे विसरूनच जाता. पण गोष्ट जेव्हा परत त्या शेकोटीपाशी येऊन पोचते ना, तेव्हा एक विचित्र गोष्ट होते. आत्तापर्यंत काहीही झालं तरी हे लोक इथवर येणार हे ठरलेलं होतं. आता पुढे तसलं काही नाही. खात्री संपली. मी ह्याला गेममधल्या सगळ्यात हुशार जागांपैकी एक मानतो आणि तिथे कोणतीही मारामारी होत नाहीये. पर्सोना ५ पण असाच, पकडलेल्या पोराची चौकशी चाललीये, औषध दिल्यामुळे त्याला धड आठवत नाहीये, आणि शंभरातले बरेच तास म्हणजे त्याने साए नीजिमा ह्या सरकारी वकील बाईला दिलेला जबाब. गोष्ट त्या खोलीपर्यंत येऊन पोचली की कळतं की ह्या पोरांनी आधीच एक डाव रचलेला होता आणि तो आपल्यालाच, म्हणजे खेळणाऱ्यालाच सांगितलेला नव्हता. आमच्या इथे ह्यावर दोन तट आहेत. एकाला वाटतं मस्त गंडवलं. माझ्या मावसबहिणीला वाटतं हे तोंडाला पानं पुसणं आहे, कारण त्या खोलीत बसलेली मीच होते, मला माझाच डाव माहिती नाही असं कसं. मी तिच्याशी भांडतो पण तिचं म्हणणं अगदीच चूक नाहीये, क्लाऊडला स्वतःला माहिती नव्हतं आणि ह्या पोराला माहिती होतं, फरक आहेच.

ही मावसबहीण माझ्या सगळ्या मतावरच पाणी ओतते, ते पण सांगितलं पाहिजे. तिला सगळ्यात आवडलेले फ्लॅशबॅक आहेत २००७ च्या लॉस्ट ऑडिसीमधले. कायम नावाचा हजार वर्षं जगलेला माणूस, त्याच्या जुन्या आठवणी स्वप्नांसारख्या परत येतात, आणि त्या खेळायच्या नाहीतच, वाचायच्या. शिगेमात्सु कियोशी ह्या जपानी कादंबरीकाराने लिहिलेल्या कथा, स्क्रीनवर अक्षरं, मागे संगीत, बटण दाबत पुढे जायचं. ह्यात ना संशय ना काळंबेरं. कोणीतरी मेलं, कोणीतरी म्हातारं झालं, हा राहिला. माझ्या नियमाने हे नापास व्हायला पाहिजे. पण मला वाटतं नाही होत, कारण ते खेळाचं सोंग आणत नाहीत. तुमच्या हातात एक लुळं पोर देऊन गावभर हिंडवत नाहीत. बस, वाच, नको असेल तर पुढे जा. मी मघाशी म्हटलं ना, जमत नसेल तर सांगून मोकळे व्हा, त्याचं हे फार वरच्या दर्जाचं रूप आहे.

तिथूनच स्किपचा प्रश्न येतो. स्किप बटण असावं का, तर असावं, ह्यात चर्चा करण्यासारखं काय आहे मला कळत नाही. फायनल फँटसी १० च्या कटसीन स्किप करता यायच्या नाहीत, गागाझेट डोंगरावर सेमोर ह्या शत्रूच्या हातून मेलात की परत लढायच्या आधी सगळं भाषण पहिल्यापासून, आणि ज्या गेमची मी वर एवढी तारीफ केली त्याच गेमला त्या डोंगरावर मनसोक्त शिव्या बसल्यात. लोकांनी गोष्ट चुकवू नये म्हणून स्किप देत नाही हे कारण पोकळ आहे, ज्याला नकोय तो तसाही मोबाईलवर रील बघत बसतो आणि अंगठ्याने बटण दाबत राहतो. ऐच्छिक करायचं तर ट्रेल्स इन द स्काय द थर्ड बघा, २००७ चा, त्यात लोकांचे भूतकाळ दारांमागे ठेवलेत, अट पूर्ण केली की दार उघडतं, आत जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यातल्या काही दारांपुढे लोक खरंच थबकतात, कारण आत काय असणार ह्याचा अंदाज आलेला असतो.

पण सगळंच ऐच्छिक आणि कोणत्याही क्रमाने ठेवलं की ते पण अंगाशी येतं. २०२३ च्या झेल्डामध्ये, टिअर्स ऑफ द किंगडममध्ये, जमिनीवर काढलेली प्रचंड चित्रं शोधायची आणि प्रत्येकात एक आठवण. बऱ्याच जणांना ती उलटसुलट सापडली आणि राजकन्या झेल्डाचं काय झालं हे फार लवकर कळून गेलं, आणि मग गंमत बघा, खेळणाऱ्याला माहितीये, हिरो लिंकने डोळ्यांनी बघितलंय, आणि तरी गावोगावचे लोक झेल्डा कुठे गेली म्हणून विचारताहेत आणि लिंक मख्ख उभा. म्हणजे फ्लॅशबॅकमध्ये कळलेल्या गोष्टीचा आजच्या काळावर शून्य परिणाम. माहिती मिळाली, तिचं करायचं काय ते कोणी ठरवलंच नाही.

माझ्या मतावर एक आक्षेप मात्र खरोखर जड आहे. प्रत्येक फ्लॅशबॅकमध्ये काळंबेरं ठेवलं तर खेळणारे पहिल्या मिनिटापासूनच संशय घेणार, आणि मग फसवण्यात राहिलं काय? क्लाऊडनंतर आठवण गेलेल्या नाहीतर आठवण खोटी असलेल्या हिरोंची रांग लागली हे खरंच आहे, हल्ली कोणाचं डोकं दुखायला लागलं की आपण आधीच ओळखतो. आणि २०२४ च्या फायनल फँटसी ७ रिबर्थमध्ये तर क्लाऊडची तीच निबेलहाइमची गोष्ट अगदी सुरुवातीलाच ठेवलीये, नव्या रूपात, ह्या वेळी सेफिरोथ स्वतः चालवायला मिळतो, आणि जुने खेळणारे त्याच्याकडे कमी आणि त्या तोंड झाकलेल्या शिपायांकडे जास्त बघत बसतात. गुपित फुटून सत्तावीस वर्षं झाली होती. तरी माझ्यासारख्यांना मजा आली, कारण आता आपण टिफाच्या जागी आहोत, ऐकतोय आणि गप्प आहोत. मग संशय एकदाच वापरता येतो हे काही मला पटत नाही.

उलट ह्याच्या पुढे जाता येईल. निअर नावाच्या गेमने २०१० मध्ये करून दाखवलंय, गेम दुसऱ्यांदा खेळायला घेतला की काइने ह्या साथीदाराचा भूतकाळ वाचायला मिळतो, आणि पहिल्या वेळी ज्या सावल्यांना तुम्ही बिनदिक्कत कापत सुटला होता त्यांचं बोलणं आता कळायला लागतं. तुमच्याच लढाया, त्याच जागा. तर माझी मागणी एवढीच आहे की दुसऱ्यांदा खेळताना मला तोच फ्लॅशबॅक सांगणाऱ्याकडून देऊ नका, ट्रकच्या कोपऱ्यात ओकारी दाबत बसलेल्या शिपायाच्या हेल्मेटमधून द्या, आणि त्यात मला पळता नाही आलं तरी चालेल.